सुनावणी कुणाच्या भाषेत?

लोकांना विचारून कायदे करायचे म्हणजे काय, हे कॅनडाच्या पार उत्तरेकडे पाहायला मिळतं. मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यातून गॅसवाहिनी न्यायचा बेत होता. १९७४ मध्ये सरकारनं न्यायमूर्ती थॉमस बर्गर यांना चौकशीसाठी नेमलं. हे गृहस्थ थेट ३५ वस्त्यांत गेले. दिने आणि इनुइट बायामाणसं आपापल्या बोलीत बोलली. दुभाषे होते, रेडिओवर स्थानिक भाषांत रोजचा वृत्तांत जायचा. १९७७ च्या अहवालात बर्गर यांनी स्पष्ट सांगितलं, आधी जमिनीचे हक्क मिटवा, दहा वर्षं गॅसवाहिनी नको. पुढे १९९८ च्या कायद्यानं तिथल्या जमीन-पाणी मंडळांवर जवळपास निम्मे सदस्य मूळ रहिवाशांनी सुचवलेले असू लागले.

आणि आपल्याकडे? २०२० मध्ये पर्यावरण परिणामांच्या अधिसूचनेचा मसुदा निघाला तो इंग्रजी-हिंदीत! मराठीसह २२ भाषांत द्या, हे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. शिवाय त्याच मसुद्यात हरकतींची मुदत ३० दिवसांवरून २० वर आणायचं घाटत होतं. शेत, चूल, पोरंबाळं सांभाळून तेवढ्यात ते जाडजूड बाड कुठली बाई वाचणार?