पावसाळ्यात पूर, उन्हाळ्यात कोरडे पात्र. हिमायतनगरच्या पैनगंगेचे गणित काय?

इसापूर धरणाचा विसर्ग वाढला की हिमायतनगर तालुक्यातील नदीकाठच्या शेतकऱ्यांना सोयाबीन, कापूस पाण्याखाली जाण्याची धास्ती असते. उन्हाळ्यात मात्र हीच गावे ‘नदीपात्रात पाणी सोडा’ अशी मागणी करतात. एकाच धरणाबाबत दोन उलट मागण्या का?

धरणाने काय बदलले?
यवतमाळ-हिंगोली सीमेवरील इसापूर हे ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे मुख्य धरण. उपयुक्त साठा ९६४ दलघमी, म्हणजे सुमारे ३४ टीएमसी. डाव्या-उजव्या कालव्यांतून हिंगोली, नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांना पाणी मिळते. पाणी कालव्यात वळल्याने नदीचा नैसर्गिक प्रवाह मात्र बदलला. आता धरणाखालच्या पात्रात किती पाणी राहील, हे बऱ्याच अंशी विसर्गावर ठरते.

धरण असूनही पूर का?
हे धरण प्रामुख्याने सिंचनासाठी आहे. पावसाळा संपताना ते भरलेले हवे. पूर अडवायचा तर त्यात जागा रिकामी हवी. हा ताळमेळ जलाशय परिचालन सूचीनुसार घातला जातो. कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा, हे त्यात ठरलेले असते.

दुसरे कारण कयाधू नदी. ती धरणाच्या खाली, हदगाव परिसरात पैनगंगेला मिळते. तिचे पाणी इसापूरला अडत नाही. कयाधूला पूर आणि धरणातून विसर्ग एकाच वेळी आले, तर दोन्हींचा भार पुढे हिमायतनगरकडे येतो.

आधीच पाणी का सोडत नाहीत?
उपयुक्त साठ्यातील १० टक्के जागा रिकामी करायची, तर १० हजार क्युसेकने सुमारे चार दिवस पाणी सोडावे लागते. त्या काळात धरणात नवे पाणी येत राहिले, तर आणखी वेळ लागतो. पुढे पाऊस झाला नाही, तर रब्बीचे पाणी कमी पडते. म्हणून अंदाज नेमका आणि निर्णय वेळेवर हवा.

उन्हाळ्यात अडचण कोणती?
कालव्याची आवर्तने कालवा सल्लागार समितीत ठरतात. नदीपात्रातून सोडलेले पाणी वाळूत मुरते, वाफ होऊन उडते आणि वाटेत मोटारींनी उपसले जाते. त्यामुळे शेवटच्या गावांपर्यंत ते कमीच पोहोचते.

नुकसान झाल्यास काय?
आपत्ती मदतीसाठी पिकाचे ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान पंचनाम्यात नोंदलेले असावे लागते. त्यामुळे पाणी ओसरताच तलाठ्याला कळवणे महत्त्वाचे.

मार्ग कोणता?
विसर्गाचा इशारा देताना धरणाचा आकडा पुरेसा नाही. कयाधूची पातळी आणि पाणी गावात पोहोचण्याची अंदाजे वेळही सांगायला हवी. जनावरे हलवायला, मोटारी काढायला शेतकऱ्याला मिळणारे काही तास त्यावरच ठरतात. उन्हाळ्यासाठी नदीकाठच्या गावांचे पिण्याचे पाणी पावसाळा संपतानाच राखून ठेवले, तर दरवर्षी निवेदने देण्याची वेळ येणार नाही.