कॅरिअर नसलेली सायकल

सायकलप्रेमींच्या गप्पांत एक मत हल्ली ठासून मांडलं जातं. शर्यती नसत्या आणि कंपन्यांनी जाहिरातींवर पैसा ओतला नसता, तर सायकल केव्हाच भंगारात गेली असती. शर्यतीत तावून सुलाखून निघालेलं तंत्र पुढे आपल्या साध्या सायकलीत उतरतं आणि शर्यत पाहून माणसं सायकलकडे वळतात, असे दोन आधार त्यासाठी दिले जातात. मला दोन्ही कच्चे वाटतात.

आधी तंत्राचं पाहू. हवा भरलेला टायर डनलॉप यांनी 1888 साली बेलफास्टमध्ये बनवला, तो मुलाच्या तीनचाकीला खडबडीत वाटेवर धक्के बसू नयेत म्हणून. हे डनलॉप पेशाने गुरांचे डॉक्टर. शर्यतवाल्यांनी तो टायर उचलला पुढच्या वर्षी. गियर बदलायच्या यंत्रणेची गोष्ट तर याहून बोलकी आहे. फ्रान्समधले हौशी भटके डोंगर चढताना ती सर्रास वापरत होते, पण टूर द फ्रान्सने ती 1937 पर्यंत स्पर्धकांना वापरू दिली नाही. 1933 साली फ्रान्सिस फोर या मधल्या फळीतल्या स्पर्धकाने रेलून चालवायच्या सायकलीवर तासाभराच्या अंतराचा विक्रम मोडला. पाठ टेकलेली, पाय पुढे, वाऱ्याला अडथळा कमी. दुसऱ्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने असं वाहन शर्यतीतून बाद केलं. सायकल कशाला म्हणायचं हे एका खेळाच्या नियमपुस्तकाने ठरवलं आणि पाठदुखीने बेजार झालेल्या लाखो साध्या माणसांना विचारायला कोणी गेलं नाही. चाक झटक्यात काढायची खिट्टी मात्र काम्पान्योलो या इटालियन शर्यतपटूची देणगी आहे, हे मान्य करायलाच हवं.

दुसरा आधार प्रेरणेचा. इटलीत जिरो ही शर्यत 1909 पासून होते, तरी रोममध्ये सायकलीवरून कामाला निघालेला माणूस शोधावा लागतो. नेदरलँड्सच्या पुरुषांनी टूर द फ्रान्स आजवर दोनदाच जिंकली, 1968 आणि 1980 साली. पण त्या देशात माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. शाळकरी मुली, आजीबाई, सूट घातलेले अधिकारी, सगळे ताठ बसून सायकल चालवतात. रस्त्यावर मुलं मरू लागली तेव्हा 1970 च्या दशकात आईबाप रस्त्यावर उतरले आणि सायकलींना वेगळे रस्ते मिळाले, हे त्यामागचं मोठं कारण.

म्हणून शर्यतच सायकलच्या मुळावर आली, असंही मी म्हणणार नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यत 1945 साली सुरू झाली. ‘घाटाचा राजा’ कोण ठरला याची चर्चा घरोघर व्हायची, आणि त्याच दशकांत पुणं सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जात होतं. शर्यत पाहायला आलेलं पोर वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून घरी जायचं. ती सायकल घाटाच्या राजाच्या सायकलसारखी असावी, असं त्या वडिलांना कोणी पढवलं नव्हतं. शर्यत तिच्या जागी होती आणि दुधाच्या किटल्या वाहणारी सायकल तिच्या.

नुकसान झालं ते ही सीमा बाजाराने पुसली तेव्हा. गेल्या वर्षी मी एका दुकानात भाजी आणायला सायकल हवी म्हणून गेलो. दाखवलेल्या सायकलीला मडगार्ड नाही, स्टँड नाही, चेनकव्हर नाही. कॅरिअर बसवून द्या म्हटलं, तर फ्रेमला त्यासाठी भोकंच ठेवलेली नाहीत. विक्रेता दोन किलो कमी वजनाचं कौतुक करत राहिला. माझं वजन 75 किलो आणि सायकलचं 14 धरलं, तर ही बचत दोन टक्क्यांच्या आसपास आहे. तेवढ्यासाठी पावसात पाठीवर चिखलाचा पट्टा ओढून घ्यायचा आणि भाजीची पिशवी हँडलला लोंबकळत ठेवायची?

टायरचंही तेच. 23 मिलिमीटरचा काटकुळा टायर म्हणजे वेग, असं वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाच्या गळी उतरवलं गेलं. आता व्यावसायिक स्पर्धकच 28 मिलिमीटर आणि त्याहून रुंद टायर वापरतात, कारण खडबडीत रस्त्यावर कमी हवेचा रुंद टायर अधिक सहज पळतो. मधल्या काळात आपल्या खड्ड्यांत ज्यांचे मणके हादरले, त्यांना कोण भरपाई देणार?

पैशांपेक्षा मोठं नुकसान मनाचं आहे. जाहिरातीच्या चित्रात नेहमी घट्ट कपड्यांतला, पाठ वाकवलेला तरुण. साडी नेसलेली बाई, निवृत्त मास्तर, डबा घेऊन कामावर निघालेला माणूस त्या चित्रात नाही. माझा एक मित्र पहाटे पर्वतीपर्यंत मजेत जायचा. एका गटात सामील झाला, तिथे रोज सरासरी वेग विचारला जाऊ लागला आणि तीन महिन्यांत त्याची सायकल गॅलरीत धूळ खात पडली. आपण सायकल चालवायला नालायक आहोत, असं त्याला मनापासून वाटतं. एका धडधाकट माणसाला असं वाटायला लावणं हा गुन्हा आहे, असं मी म्हणतो.

पुढच्या वेळी सायकल घ्यायला जाल तेव्हा आधी मडगार्ड, कॅरिअर आणि स्टँड मागा. हँडल सीटच्या उंचीला येतं का, ते बसून पाहा. ज्या फ्रेमला कॅरिअर बसत नाही ती घेऊ नका, आणि का घेत नाही ते दुकानदाराला तोंडावर सांगा.