टाकी लष्कराची, आत उतरणारा कोणाचा?

गेल्या उन्हाळ्यात खालापूर तालुक्यातल्या एका बौद्धवाड्यात बैठकीला गेले होते. विषय होता शिष्यवृत्तीच्या अर्जांचा. बैठक संपल्यावर एक पोरगा बाजूला थांबून राहिला. वय सव्वीस-सत्तावीस, आयटीआय फिटर. तीन आठवडे गावात नव्हता म्हणून कुठे होतास विचारले, तर म्हणाला, "मिलिटरीच्या डेपोत होतो ताई, तेलाच्या टाक्या साफ करायला." बाजूला बसलेले एक काका लगेच म्हणाले, "मंग काय, देशसेवाच की!" पोरगा हसला नाही.

नंतर त्याने सगळे सांगितले. मुकादमाने खोपोलीच्या नाक्यावरून सहा जणांना नेले. हातात लाकडी फावडे, बादली आणि चिंध्या. तोंडाला ओला रुमाल. सुरक्षेचे सामान सुपरवायझरच्या खोलीत होते, पण ते साहेब पाहणीला आले की बाहेर निघायचे. चौथ्या दिवशी टाकीच्या तळाशी त्याला गरगरले. वरच्यांनी ओढून काढले, लिंबूपाणी दिले. तो दिवस खाडा धरला. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उतरला.

त्याचे एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. "ताई, वास सकाळी नसतो. गाळ हलवला की दुपारी येतो."

एमएला असताना कामगारांवरची पुष्कळ पुस्तके वाचली. पण इंधनाच्या टाकीतल्या धोक्याची इतकी नेमकी व्याख्या मला कुठे सापडली नव्हती.

टाकीत नेमके काय होते?

सैन्याला पेट्रोल, डिझेल, विमानाचे इंधन साठवावे लागते. त्या टाक्या ठरावीक वर्षांनी रिकाम्या करून आतून तपासाव्या लागतात, कारण पोलाद तळाकडून गंजते. पंपाने सगळे इंधन ओढले तरी तळाशी गाळ उरतो. त्यात गंज, पाणी, घाण आणि मुरलेले इंधन असते. तो काढल्याशिवाय तळाचा पत्रा दिसत नाही. मग यंत्र लावून पत्र्याची जाडी मोजतात, वेल्डिंगचे जोड तपासतात, रंग देतात, टाकी पुन्हा भरतात.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेले तरी एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. आणि स्फोट झाला नाही तरी माणूस बेशुद्ध पडतो. सकाळी मॅनहोल उघडून मीटर लावला, आकडा ठीक आला, सही झाली. पण गाळात अडकलेली वाफ फावड्याने ढवळल्यावर बाहेर पडते. म्हणून मोजणी काम चालू असताना सतत करावी लागते. सकाळच्या सहीवर दुपारचा जीव सोडता येत नाही. पोरगा सांगत होता ते हेच.

आणखी एक गोष्ट. बंदिस्त जागेत एक पडला की दुसरा त्याला वाचवायला उतरतो आणि तोही पडतो. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेने, नायॉशने, १९८६ मध्येच सांगितले होते की अशा जागी मरणाऱ्यांत ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले असतात. आपल्या वाड्यांतली पोरे एकमेकांना सोडून पळणारी नाहीत. म्हणजे त्यांचा धोका दुप्पट.

हे सगळे आपल्या देशाला माहीत नाही असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याचे ३६ वे कलम सांगत होते की विषारी वायूची शक्यता असलेल्या टाकीत लायक व्यक्तीने लेखी दाखला दिल्याशिवाय, किंवा श्वसनयंत्र, पट्टा आणि बाहेर दोरी धरून उभा असलेला माणूस असल्याशिवाय कोणालाही उतरवायचे नाही. तेल उद्योगासाठी ओआयएसडीची मानके आहेत. टाकीच्या तपासणीचे वेगळे, कामाच्या परमिटचे वेगळे. ज्ञान आहे, नियम आहेत. मग पोराच्या तोंडावर ओला रुमाल कसा?

साखळी वर कोरडी, खाली ओली

उत्तर कंत्राटाच्या रचनेत आहे. टेंडर निघते. ज्याचा दर सगळ्यात कमी, त्याला काम. तो तपासणीचे इंजिनिअर स्वतःचे ठेवतो, कारण अहवालावर त्यांची सही लागते. साफसफाईचा भाग पोटकंत्राटदाराला देतो. पोटकंत्राटदार मुकादमाला सांगतो. मुकादम नाक्यावर येतो. प्रत्येक पायरीवर थोडा पैसा कापला जातो आणि थोडी जबाबदारी गळते. शेवटी जो उतरतो त्याच्यापर्यंत पैसाही पोहोचत नाही आणि श्वसनयंत्रही.

अहवालात पत्र्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत लिहिलेली असते. पत्रा कुठे पातळ झाला याचा नकाशा असतो. आत उतरलेल्याची फुफ्फुसे किती पातळ झाली, याचा रकाना कुठल्या अहवालात असतो?

बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले होते की जात नुसती कामे वाटून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांच्या डोक्यावर रचते. टाकीच्या बाहेर मीटर धरणारा आणि टाकीच्या आत बादली धरणारा यांच्यात फक्त प्रशिक्षणाचा फरक आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा दोघांची आडनावे विचारावीत.

कायद्याने दोनच खड्डे ओळखले

२०१३ च्या हाताने मैला उचलण्यास बंदी घालणाऱ्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टँक यांची धोकादायक सफाई गुन्हा ठरवली. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला १० लाख देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ही रक्कम ३० लाख केली. हा सफाई कामगारांच्या चळवळीने रक्त आटवून मिळवलेला हक्क आहे.

पण कायद्यात सेप्टिक टँकची व्याख्या मानवी मैल्याशी बांधलेली आहे. इंधनाची टाकी त्यात बसत नाही. म्हणजे वाडीतला एक भाऊ गटारात गुदमरून मेला तर ३० लाख. दुसरा भाऊ तेलाच्या टाकीत गुदमरून मेला तर कामगार नुकसानभरपाईचा हिशोब: ईएसआय नसेल, वय ३० असेल आणि पगार १५ हजारांच्या मर्यादेवर धरला, तर सुमारे साडेपंधरा लाख. तेसुद्धा तो तिथे कामाला होता हे सिद्ध झाले तर. नाक्यावरून नेलेल्या माणसाचे हजेरीपत्रक कोण ठेवतो?

वायूला कायद्याची व्याख्या कळत नाही. मैल्याचा वायू असो की पेट्रोलचा, फुफ्फुस एकच आहे.

केंद्र सरकारच्याच 'नमस्ते' योजनेत २०२४ पर्यंत ज्या सुमारे ३८ हजार गटार-सेप्टिक टँक कामगारांची नोंद झाली, त्यांत जवळपास ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी होते. एकट्या अनुसूचित जातींचे प्रमाण ६९ टक्क्यांच्या घरात. गटारात उतरणाऱ्याची जात सरकारने निदान मोजली. तेलाच्या टाकीत उतरणारा त्या योजनेच्या चौकटीतच नाही.

"अधूनमधूनचे काम"

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. व्यावसायिक सुरक्षा संहितेत मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार लावायला बंदी आहे. वाचायला छान वाटते. पण 'मुख्य काम' कशाला म्हणायचे याची व्याख्या वाचा. साफसफाई त्यातून बाहेर. आणि जे काम अधूनमधून येते तेही बाहेर, मग ते आस्थापनेचे मुख्य काम का असेना.

टाकी दर काही वर्षांनी साफ होते, म्हणजे डेपोसाठी ते अधूनमधूनचे काम. पण त्या पोरासाठी? आज या डेपोत, पुढच्या महिन्यात रसायनी-पाताळगंगेत, नंतर कुठल्या तरी कारखान्याच्या शटडाऊनला. त्याच्यासाठी हे बारमाही काम आहे. कायदा टाकीच्या बाजूने दिनदर्शिका बघतो, माणसाच्या बाजूने बघत नाही.

याच संहितेत एक दार मात्र उघडे आहे. केंद्र सरकारच्या कार्यालयांना ती लागू नाही, पण त्या कार्यालयांत कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्यांना लागू आहे. म्हणजे 'हा सरकारी आवार आहे' एवढ्यावर उत्तर संपत नाही. हे आपल्या कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावे.

सैन्य आणि आपण

सैन्याविषयी आपल्या समाजाला अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. भीमा कोरेगाव आपल्या स्मरणात आहे. सुभेदार रामजी सैन्यात होते. इंग्रजांनी महारांची भरती बंद केली तेव्हा त्याविरुद्ध आपल्या माणसांनी अर्ज केले. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. वर्दीने आपल्याला पगार, पेन्शन, शाळा आणि ताठ मान दिली.

म्हणूनच विचारते. त्याच सैन्याच्या कुंपणाआड आज आपला पोरगा जातो तेव्हा तो कोण असतो?

२० नोव्हेंबर २०१८ ची घटना आठवा. वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या लष्करी दारूगोळा भांडाराच्या मैदानावर जुने स्फोटक नष्ट करायचे काम चालू होते. स्फोट झाला, सहा जण मेले. मेलेल्यांत आसपासच्या गावांतून मजुरीवर आणलेली माणसे होती. देशाचा दारूगोळा, देशाचे मैदान, आणि रोजंदारी ठेकेदाराची. इंधन असो की दारूगोळा, साखळी तीच. सैनिक मेला तर शहीद. त्याच आवारात मजूर मेला तर 'दुर्घटना'.

निष्काळजी कुंपणात राहत नाही

कोणी म्हणेल, हा मजुरांचा प्रश्न आहे, बाकीच्यांचा काय संबंध? त्यांच्यासाठी अमेरिकेचे उदाहरण. हवाई बेटांवर रेड हिल इथे अमेरिकन नौदलाच्या दुसऱ्या महायुद्धात बांधलेल्या २० भूमिगत इंधन टाक्या होत्या. त्यांतली पाच नंबरची टाकी कंत्राटदाराकडून साफ आणि दुरुस्त करून घेतली, पुन्हा भरली, आणि जानेवारी २०१४ मध्ये तिच्यातून सुमारे २७ हजार गॅलन इंधन गळाले. कंत्राटदाराचे काम सदोष होते आणि ते नीट तपासलेच गेले नव्हते, असे पुढे आले. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच तळावर नळातून पुन्हा इंधन सांडले आणि ते पिण्याच्या पाण्यात गेले. त्या पाणीपुरवठ्यावर सुमारे ९३ हजार लोक होते, त्यांत सैनिकांचीच बायकापोरे. मार्च २०२२ मध्ये तळ बंद करण्याचा निर्णय झाला.

लांब कशाला, आपल्या रसायनीत एचओसीच्या आवारात रॉकेटला लागणारे रसायन बनत आले. तिथे डिसेंबर २०१८ मध्ये वायुगळती झाली तेव्हा माकडे आणि कबुतरे मरून पडली. वाऱ्याला आणि पाण्याला गेटपास लागत नाही.

"हा देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे"

हे ठरलेले उत्तर. डेपो कुठे आहे, किती साठा आहे, हे आम्हाला नकोच आहे. आत किती माणसे उतरली, वायूचे आकडे किती होते, श्वसनयंत्रे किती होती, हे सांगितल्याने कोणत्या शत्रूचा फायदा होतो?

आणि गंमत बघा. लष्करी आवारात जायचे तर त्या पोराचा आधार, फोटो, पोलीस पडताळणी, सगळे घेतले जाते. गेटवर सरकारला त्याचे नाव, गाव, बाप सगळे माहीत असते. गरगरून पडला की मात्र तो 'कंत्राटदाराचा माणूस' होतो. गेटवरची ओळख टाकीच्या तळापर्यंत का पोहोचत नाही?

दुसरा आक्षेप: "जात कशाला आणता? गरज आहे तो जातो." खरे आहे, आमच्या कर्जत-खालापुरातून फक्त बौद्ध पोरे जात नाहीत. कातकरी जातात, ठाकूर जातात, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेलेही जातात. पण गरज कोणाच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला ठेवली गेली, हा प्रश्न 'गरज' शब्दाने मिटत नाही. उलट या सगळ्यांनी एकत्र यावे, हेच बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे राजकारण होते.

मागण्या

१. इंधन आणि रसायनांच्या टाक्यांत उतरणे हे गटार-सेप्टिक टँकसारखेच धोकादायक सफाईकाम मानावे. मृत्यू झाल्यास तीच ३० लाखांची भरपाई द्यावी.

२. गाळ बाहेरून, यंत्राने काढणे ही टेंडरची पहिली अट असावी. गटारासाठी केरळच्या तरुणांनी बँडिकूट यंत्रमानव बनवला, तर सैन्याच्या टाकीसाठी असे यंत्र घेणे देशाला जड नाही.

३. साफसफाईचे पोटकंत्राट बंद करावे. जो तपासणी करतो त्यानेच आत जाणाऱ्याला नेमावे, प्रशिक्षण द्यावे, विमा काढावा.

४. सर्वात कमी दर हा एकमेव निकष नको. अर्थ मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनुसार अशा सेवांच्या निविदेत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन देता येते. ते वजन सुरक्षेच्या इतिहासाला द्यावे.

५. गेटपासची नोंदवही हीच हजेरीची नोंदवही मानावी. ज्याचे नाव गेटवर, त्याची जबाबदारी मूळ मालकाची.

आणि एक मागणी आपल्याच समाजाकडे. मुकादम नाक्यावर आला की पोरांनी पाच प्रश्न विचारावेत: टाकी कसली? मीटर कोण धरणार? मोजणी दिवसातून किती वेळा? श्वसनयंत्र आहे का? बाहेर दोरी कोण धरणार? उत्तर नसेल तर गाडीत चढू नये. एकटा पोरगा हे विचारू शकत नाही, त्याच्या जागी दुसरा चढतो. म्हणून हे प्रश्न वाड्याने, विहाराच्या बैठकीने, संघटनेने विचारायचे आहेत.

तो पोरगा दिवाळीनंतर पुन्हा गेला. घरात बहिणीचे लग्न होते. जाण्याआधी त्याने मला गेटपासचा फोटो पाठवला आणि लिहिले, "ताई, ठेवा तुमच्याकडे. काही झालं तर मी तिथं होतो याचा पुरावा."

ज्या देशाच्या टाकीत तो उतरतो, त्या देशाकडे हा पुरावा आधीच आहे. तो त्याच्या बाजूने वापरायला लावणे हे आपले काम आहे.

जय भीम!