दोष कोळशाचा की भट्टीचा?

शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या सीमेवरून भीमा वाहते, घोड नदीला पोटात घेते आणि पुढे उजनीच्या जलाशयाला मिळते. याच उजनीचे पाणी सोलापूरजवळील एनटीपीसीच्या १३२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्राला पुरवले जाते. तेव्हा कोळसा कसा जाळावा हा प्रश्न चंद्रपूर-कोराडीकरांचा आहे, असे भीमाकाठच्या शेतकऱ्याने समजण्याचे कारण नाही.

बिबट्याच्या भीतीने जीव मुठीत धरून रात्रीच्या पाळीला उसाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याचा पाच अश्वशक्तीचा पंप आठ तासांत सुमारे ३० युनिट वीज घेतो. किलोमागे साडेतीन हजार किलोकॅलरी उष्णता देणारा देशी कोळसा ३५ टक्के कार्यक्षमतेच्या जुन्या संचात जाळला, तर एवढ्या विजेसाठी २१ किलो लागतो. ४० टक्क्यांच्या संचात साडेअठरा किलो पुरतो. वाहिन्यांतील गळती वेगळीच! एका पंपामागे, एका रात्रीत अडीच किलो कोळसा आणि त्यासोबत जवळजवळ किलोभर राख निष्कारण. राज्यातील लाखो पंपांचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

यामागील तत्त्व ऊसपट्ट्यातील वाचकाला नवे नाही. साखर कारखान्यांनी बॉयलरचा दाब वाढवला आणि त्याच बगॅसवर कारखाना चालवून वीज विकता येऊ लागली. कोळशाचेही तसेच. २२१ बार दाब आणि ३७४ अंश सेल्सिअस तापमानाची सीमा ओलांडली की पाणी न उकळताच वाफेचे रूप घेते. या सीमेपलीकडे चालणारे संच म्हणजे सुपरक्रिटिकल. सोलापूरचे संच याच जातीचे आहेत. दुर्दैव असे, की २०१६ साली महानिर्मितीने कोराडीला ६६० मेगावॅटचा सुपरक्रिटिकल संच सुरू केला, आणि त्याच वर्षी चंद्रपूरला ५०० व परळीला २५० मेगावॅटचे जुन्या पद्धतीचे संच! एकाच घरात हे दोन न्याय कशासाठी?

कोळसा जाळणे हेच पाप, असा उपदेश करणाऱ्यांची दुसरी तऱ्हा. ब्रिटनने १८८२ पासून कोळशावर वीज निर्माण केली आणि शेवटचे केंद्र २०२४ साली बंद केले. पोट भरल्यावर उपवासाचे माहात्म्य सांगणे सोपे असते. भारताने चूल विझवावी असे नव्हे, ती नीट पेटवावी. आपल्या कोळशात तीस-चाळीस टक्के राख. अशा इंधनासाठी हवेच्या झोतावर तरंगत्या थरात, साधारण ८५० अंशांवर जाळण्याची फ्लुइडाइज्ड बेड पद्धत आहे. थरात चुनखडी टाकली की गंधक तेथेच अडकते. राजस्थान-गुजरातेत लिग्नाइटसाठी ती वापरात आहे. राखाळ कोळशासाठी तिचा विचार मात्र बॉयलरच्या आकाराशी येऊन थांबतो.

गंधकाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगावयाचे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने उत्सर्जनाची मर्यादा घातली, दोन वर्षांची मुदत दिली, मग मुदतवाढीवर मुदतवाढ झाली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतांश केंद्रांना धुरातील गंधक धुण्याच्या यंत्रणेतून सूट मिळाली. भारतीय कोळशात गंधक कमी असते, हे समर्थन खरे आहे. पण ते २०१५ सालीही खरेच होते!

आता निदान एवढे व्हावे. नाशिकजवळील एकलहऱ्याचे २१० मेगावॅटचे संच १९८० च्या आगेमागे उभे राहिले. ते आणि त्यांच्या वयाचे इतर संच कोणत्या वर्षी बंद होणार, त्यांच्या वाट्याचा कोळसा कोणत्या नव्या संचाला मिळणार, हे शासनाने तारखेनिशी जाहीर करावे.