हरलं कोण, कमावलं कोण?

वानखेडेवर मॅच हरून घरी येणं म्हणजे काय, ते डोंबिवलीकराला विचारा. साडेअकराच्या आसपास मॅच संपते. मग चर्चगेटहून गच्च लोकल, दादरला ब्रिज चढून सेंट्रलला धावायचं आणि मिळेल ती कर्जत नाहीतर कसारा पकडायची. तिकिटाचे पैसे गेले, जर्सीचे वेगळे. तरी तक्रार नाही, कारण टीम आपली आहे ना!

खरंच आपली? मुंबई इंडियन्स २०२२ मध्ये दहा संघांत दहावी आली, २०२४ मध्ये पुन्हा दहावी. आपला मूड गेला, ग्रुपवर भांडणं झाली. पण मालकांचं काय बिघडलं? फारसं काहीच नाही.

हिशोब साधा आहे. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. यातला मोठा वाटा सगळ्या संघांना मिळतो, तुम्ही पहिले या नाहीतर शेवटचे. खर्चाला मात्र मर्यादा आहे. २०२५ साठी खेळाडूंवर एका संघाला लिलावात १२० कोटीच खर्च करता येणार होते. आणि विजेत्याचं बक्षीस? २० कोटी. म्हणजे ट्रॉफी जिंकण्यापेक्षा लीगमध्ये नुसतं असणंच जास्त फायद्याचं.

कोणी म्हणेल, पाच ट्रॉफ्या याच मालकांनी दिल्या की! मान्य. बुमराहसारखा बॉलर हेरून त्याच्यावर विश्वास टाकणारी हीच टीम. मालकांना हरायला आवडतं, असं माझं म्हणणं नाहीच. हरण्याची किंमत त्यांना मोजावी लागत नाही, एवढंच म्हणतोय. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये तळाचे तीन संघ थेट खालच्या लीगमध्ये जातात. २०१६ चा चॅम्पियन लेस्टर २०२३ मध्ये असाच खाली गेला. तिथे हरणं मालकाच्या खिशालाही लागतं.

बरं, नफा हाच निकष असला की तोटा झाल्यावर काय होतं, तेही आपण पाहिलंय. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. आयएसएलमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला आणि त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला. तो २०२१-२२ मध्ये चॅम्पियन झाला, पैशांच्या अडचणीत सापडला आणि २०२५ मध्ये दिल्लीला गेला. पुण्यात ज्यांनी केशरी जर्सी घालून घसा कोरडा केला, त्यांना कोणी विचारलं?

शहराचं नाव हे बऱ्याचदा जर्सीवरचं लेबलच असतं. आपल्या ठाण्यातच बघा. टेनिस बॉलच्या आयएसपीएलचा पहिला सीझन २०२४ मध्ये दादोजी कोंडदेव स्टेडियमवर झाला. श्रीनगर, चेन्नई, कोलकाता, सगळे संघ इथेच खेळले. मालक फिल्मस्टार. आपल्या पट्ट्यातल्या टेनिस क्रिकेटर्सना टीव्हीवर यायची संधी मिळाली, हे चांगलंच झालं. पण श्रीनगरच्या पोराला त्याची टीम बघायला ठाणे गाठावं लागत असेल, तर ती त्याची कशी?

मग करायचं काय? जर्मनीत बहुतेक क्लबांमध्ये निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडे, म्हणजे फॅन्सकडे असतात. आपल्याकडे ते लगेच होणार नाही. आयपीएलला खालची लीगच नाही, त्यामुळे संघ खाली ढकलणंही शक्य नाही. पण एक गोष्ट करता येईल. तळाला आलेल्या संघाचा वाटा कापा आणि ते पैसे त्याच शहराच्या आसपासच्या मैदानांना द्या. मुंबई शेवटची आली, तर कल्याण-डोंबिवलीत दोन टर्फ विकेट आणि मुलींसाठी चेंजिंग रूम होऊ दे. मालकाला हार थोडी तरी टोचेल, आणि आपल्या हरण्यातून कोणाचं तरी भलं होईल.

तोवर आपण मॅचला जाणारच, जर्सीही घेणारच. फक्त पुढच्या वेळी टीम हरली, की खेळाडूला शिव्या घालण्याआधी एक प्रश्न विचारा: या हरण्याचा भुर्दंड नक्की कोणाला पडला? उत्तर बहुतेक शेवटच्या कर्जत लोकलमध्ये उभं असेल.