संकटातील भाकर : कृपा की हक्क?

योसेफाची कथा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गापासून ऐकत आलो आहोत. सुकाळाच्या सात वर्षांत त्याने पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत साठविला आणि पुढील सात वर्षांच्या दुष्काळात मिसर देश तगला. संकटाची चाहूल घेऊन आधीच तयारी करणारा कारभारी म्हणून त्याचे कौतुक होते, ते योग्यच आहे. परंतु उत्पत्तीच्या ४७ व्या अध्यायातील कथेचा उत्तरार्ध आपण सहसा वाचत नाही. धान्यासाठी लोकांनी प्रथम पैसा दिला, पैसा संपल्यावर गुरेढोरे दिली आणि अखेरीस जमिनींसह स्वतःलाही फारोच्या हवाली केले. लोकांचे प्राण वाचले, स्वातंत्र्य मात्र गेले.

म्हणूनच संकटकाळी सरकारने भाकर दिली की नाही, एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. ती कोणत्या अटीवर दिली आणि संकट सरल्यावर गरिबाच्या हाती काय उरले, हेही पाहावे लागते.

आपल्या महाराष्ट्राने या प्रश्नाचे एकदा मोलाचे उत्तर दिले होते. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या वडीलधाऱ्यांना रेशनवरचा मिलो, सुकडी आणि रणरणत्या उन्हात खडी फोडणारी माणसे आजही आठवतात. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख लोक राबत होते. १९४३ साली बंगालमध्ये ब्रिटिश सरकारने दुष्काळ रीतसर जाहीरदेखील केला नव्हता आणि लाखो माणसे भुकेने व रोगराईने मृत्युमुखी पडली. तीस वर्षांनंतर महाराष्ट्रात तसा संहार टळला, याचे मोठे श्रेय या कामांना जाते. मजुरीचा पैसा हाती आल्याने माणसाला बाजारातून धान्य घेता आले. त्यामागे जनतेचा रेटाही होता. कामासाठी मोर्चे निघत होते, विधिमंडळात प्रश्न विचारले जात होते आणि मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांबरोबर गृहिणी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या.

दुष्काळ सरला, पण त्यातून मिळालेला धडा राज्याने वाया जाऊ दिला नाही. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी मांडलेल्या आणि सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात प्रथम अजमावून पाहिलेल्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम द्यावयाचे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावयाचा, असे बंधन सरकारने स्वतःवर घालून घेतले. त्यासाठी शहरातील नोकरदार व व्यावसायिकांवर १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. वसईहून लोकल पकडून मुंबईत नोकरीस जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या पगारातून हा कर कापला जातो. तो मुळात कोणासाठी सुरू झाला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

ही योजना निर्दोष नव्हती. हजेरीपटावरील खोटी नावे, रखडलेली मजुरी, अर्धवट सोडलेले रस्ते अशा तक्रारी तिच्या वाट्याला आल्या. तरीही तिच्यामुळे मजुराला सरकारी दारात हात न पसरता काम मागता येऊ लागले. २००५ मध्ये हेच तत्त्व देशाने स्वीकारले आणि ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी देणारा कायदा संसदेने केला.

त्याची खरी कसोटी २०२० साली लागली. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि अवघ्या चार तासांत देश थांबला. शहरातील मजुराला ना काम उरले, ना गावच्या शिधापत्रिकेचा उपयोग. ८ मे रोजी जालन्याहून गावाकडे पायी निघालेले मध्य प्रदेशातील १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपी गेले आणि मालगाडीखाली चिरडले गेले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या चपात्या देशाने पाहिल्या. शिधापत्रिका देशभर चालावी, यासाठी सर्वोच्च न्यायालयाला जून २०२१ मध्ये राज्यांना मुदत घालून द्यावी लागली. जे गावी पोहोचले, त्यांना मात्र रोजगार हमीचा कायदा कामी आला. केंद्राने त्यासाठी ४० हजार कोटी रुपये वाढवून दिले आणि त्या वर्षात सात कोटींहून अधिक कुटुंबांनी त्या कामांवर मजुरी मिळविली. १९७२ च्या होरपळीतून जन्मलेली कल्पना अशी ४८ वर्षांनी लाखो चुली पेटत्या ठेवून गेली.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात कामाचे दिवस १२५ केले आहेत, ही स्वागतार्ह बाब होय. मात्र बहुतेक राज्यांना खर्चाचा ४० टक्के वाटा उचलावा लागेल आणि केंद्राने ठरविलेल्या रकमेवरचा खर्चही राज्यांवरच पडेल. आमची चिंता येथेच आहे. संकट येते तेव्हा काम मागणाऱ्यांची रांग वाढते आणि नेमकी तेव्हाच राज्यांची तिजोरी रिकामी असते. अशा वेळी रांगेतल्या शेवटच्या माणसाला काम मिळेल काय, यावरच नव्या हमीचे मोल ठरेल.

टाळेबंदीत आपल्या धर्मग्रामांतूनही शिधा वाटला गेला. ते प्रीतीचे काम होते. पण दृष्टांतातील शोमरोनी जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून निघून गेला नाही. त्याने जखमीला उतारशाळेत नेले, दोन दिनार दिले आणि अधिक लागल्यास परत येताना फेडण्याचा शब्द दिला. उद्याच्या खर्चाची तरतूद हाही त्याच्या दयेचाच भाग होता. पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या परिपत्रकात याच दृष्टांतावर विस्ताराने चिंतन केले आणि राजकारणालाही प्रीतीचे क्षेत्र मानले.

तेव्हा पुढच्या उपवासकाळात दानपेटीत पैसे टाकताना आपण आणखी एक गोष्ट करू या. आपल्या परिसरातील आदिवासी पाड्यांवर काम मागणाऱ्यांना काम मिळते काय, मजुरी वेळेवर हाती पडते काय, याची ग्रामसभेत जाऊन चौकशी करू या. भुकेल्याला दिलेली भाकर दिवसभर पुरते. त्याचा हक्क शाबूत राखला, तर पुढच्या दुष्काळातही त्याला फारोच्या दारात स्वतःला विकावे लागणार नाही.