होडीच्या नाकांतली कडी

गेल्या अंकांत आम्हीं विहिरीवरील रहाटाच्या आंसाविषयीं लिहिलें. तें वाचून एका वाचकभगिनींनीं विचारलें आहे कीं, "आपण हातीं घेतां तें प्रत्येक काम पहिल्याच प्रयत्नांत साधतें कीं काय? आमच्या घरीं तसें होत नाहीं." प्रश्न खोंचक आहे आणि तो योग्य स्थळीं लागला आहे. म्हणून या खेपेस आमच्या हातून फसलेल्या, किंबहुना एका पोराच्या जिवावर बेतलेल्या दुरुस्तीची हकीकत सांगतों.

आमची धाकटी बहीण दाभोळच्या खाडीकांठीं राहते. घर एका तीरावर आणि माडापोफळींची बाग दुसऱ्या तीरावर, अशी सासरच्या पूर्वजांनीं व्यवस्था करून ठेविली असल्यामुळें त्या घरांत होडी ही पायतणाइतकीच नित्याची वस्तु. जुनी लांकडी होडी जाऊन आतां फायबरची, १४ फूट लांबीची, कोणी वापरलेली अशी विकत घेतलेली होडी आहे. तिच्या नाळेला, म्हणजे अगदीं पुढच्या टोंकाला, पाण्यापासून हातभर उंचीवर पोलादाची एक कडी आहे. होडी धक्क्याच्या खुंटाला बांधावयाची ती या कडींत दोर ओवून, आणि पावसाळ्यापूर्वी कांठावर ओढून घ्यावयाची तीहि हिच्याच बळावर. बैलाला जशी वेसण, तशी होडीला ही कडी. अमरकोशाच्या वारिवर्गांत वल्ह्याला, सुकाणूला, डोलकाठीला, आंतलें पाणी उपसण्याच्या भांड्याला, फार काय, उताऱ्याच्या पैशांनासुद्धां नांव आहे. या बिचारीला मात्र नाहीं.

वैशाखांत आम्ही तिकडे गेलों असतां बहीण म्हणाली, "दादा, होडीची कडी हलते आहे. बघतोस का जरा?" आम्हीं चष्मा पुसला आणि पाहिलें. कडी बोटांनीं धरून ओढली तर दोन गव्हांइतकी आंतबाहेर होई, आणि तिच्या मुळाशीं तांबूस ओघळ आलेला होता. या कडीचे पाय दोन; ते होडीच्या कातडींतून आरपार जाऊन आंत चाक्यांनीं आवळलेले असतात. चाक्या आवळाव्या म्हटलें तर होडीचा पुढचा भाग बसण्याच्या फळीनें बंद केलेला, हात शिरावयास वाव नाहीं. तेव्हां आम्हीं तालुक्याच्या गांवाहून सिलिकोनची एक नळी आणविली, कडीच्या मुळाशीं भोंवतीं लेप दिला, बोट ओलें करून तो गुळगुळीत केला, आणि पोरांच्या निबंधाखालीं 'ठीक' असा शेरा मारीत असूं तसा मनांतल्या मनांत त्या कामावर मारला.

पांचव्या दिवशीं पौर्णिमा होती. उधाणाच्या दिवसांत ओहोटीचा ओढा केवढा असतो तें खाडीकांठच्या वाचकांस सांगावयास नको. बहिणीचा नातू, वय वर्षें दहा, आदल्या दिवशीं होडींत राहिलेली नारळांची टोपली आणण्याकरितां एकटाच होडींत उतरला. इतक्यांत एक मोटारबोट खाडीच्या मधून गेली, तिची लाट आली, दोराला हिसका बसला, आणि कडी निघाली. दोर खुंटाला राहिला, कडी दोराला राहिली, आणि होडी चालूं लागली. वल्हीं पडवींत, तरंगण्याचें जाकीट खुंटीला, आणि पोराला पोहतां येत नव्हतें. खाडीच्या मुखाशीं अंजनवेलचा गोपाळगड आहे. त्याच्यापलीकडे उघडा समुद्र. बहीण कमरेइतक्या पाण्यांत गेली. आम्ही धक्क्यावर उभे राहून ओरडत होतों. काय ओरडत होतों तें आठवत नाहीं. मासे घेऊन परत येणाऱ्या एका तांडेलानें होडी अडविली आणि ओढून आणली. सगळें मिळून पाव तास लागला असेल. पोर रडलेंसुद्धां नाहीं. टोपली मात्र त्यानें दोन्ही हातांनीं घट्ट धरून ठेविली होती.

रात्रीं बहिणीनें आम्हांला नेहमींप्रमाणें वाढलें. ती एक शब्द बोलली नाहीं. चार शब्द बोलून घेतले असते तर घांस उतरला असता.

सकाळीं तोच तांडेल आला. दोराला लोंबणारी कडी हातांत घेऊन त्यानें न्याहाळली आणि म्हणाला, "गुरुजी, रोग पोटांत आणि लेप कपाळाला!" मग त्यानें आणि आम्हीं मिळून जें केलें तें असें.

प्रथम होडी कांठावर घेऊन पुढच्या बंद भागाला सहा इंच व्यासाचें गोल भोंक पाडलें. फायबर कापतांना उडणारी धूळ म्हणजे कांचेचेच बारीक तंतु. नाकातोंडाला मुखपट्टी आणि अंगांत पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. विजेरी लावून पाहतों तों कडीच्या मागें जो लांकडाचा ठोकळा बसविलेला असतो तो भिजलेल्या पावासारखा झाला होता. बनविणारानें चाक्यांखालीं पोलादाची रुंद पट्टी घातलीच नव्हती; रुपयाएवढ्या वायसरांवर सगळा भार. हिसक्याहिसक्यानें वायसर लांकडांत रुतत गेली, भोंक सैल झालें, पाणी आंत शिरलें, लांकूड कुजलें आणि चाकी आणखी रुतली. एक पाय कुजक्या ठोकळ्यांतून चाकीसकट उपटून आला होता आणि दुसरा मध्येंच मोडला होता.

मोडलेल्या पायाकडे आम्ही बराच वेळ पाहत राहिलों. बाहेर दिसणारी कडी आरशासारखी लखलखीत. लांकडाच्या आंत असलेला भाग मात्र खाऊन खाऊन विणकामाच्या सुईइतका बारीक झालेला. न गंजणारें पोलाद म्हणतात तें हेंच काय? शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीनें १९१३ सालीं हें पोलाद केलें. त्यांतील क्रोमियमचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन पृष्ठभागावर अत्यंत पातळ पापुद्रा धरतो आणि तोच त्याचें रक्षण करतो. ओरखडा पडला तरी प्राणवायू मिळाला कीं पापुद्रा पुन्हां धरतो. पण ओल्या लांकडाच्या फटींत खारें पाणी असतें, प्राणवायू नसतो. तेथें पापुद्रा एकदां फाटला कीं फाटला. म्हणजे आमच्या लेपानें कडी वांचणें शक्यच नव्हतें; उलट आंतलें पाणी आंतच कोंडलें गेलें. भोजराजाच्या नांवावर असलेल्या युक्तिकल्पतरूंत समुद्रगामी नौकेच्या फळ्या लोखंडानें न जोडतां दोरीनें जोडाव्या असें सांगितलें आहे. कारण दिलें आहे तें समुद्रांतील चुंबकाच्या खडकांचें. विद्यार्थिदशेंत आम्ही त्या कारणाला हंसलों होतों. कारण हंसण्यासारखें आहेच. सल्ल्याला मात्र आतां हंसवत नाहीं.

कुजकें लांकूड पटाशीनें टणक थर लागेपर्यंत खरवडून काढलें, गोड्या पाण्यानें धुऊन मीठ घालविलें, आणि पांच दिवस वारा लागूं दिला. ही पांच दिवसांची वाट पाहणें हेंच या कामांतलें सर्वांत अवघड कलम. नंतर वाळलेल्या सागाचा नवा ठोकळा करून त्याला सर्व अंगांनीं इपॉक्सी पाजलें आणि दाट इपॉक्सींतच बसविला. दमट हवेंत इपॉक्सीवर मेणासारखा चिकट थर येतो. तो पाण्यानें धुऊन कांचकागदानें घांसल्याखेरीज पुढचा हात देऊं नये. कडीच्या पायांसाठीं भोंकें पाडलीं तीं मुद्दाम पायांहून बरींच मोठीं. तीं दाट इपॉक्सीनें भरलीं, आणि दुसऱ्या दिवशीं तें घट्ट झाल्यावर त्याच्या मधोमध बेताचीं भोंकें घेतलीं. ही युक्ति तांडेलाची. उद्यां बाहेरून पाणी शिरलेंच तरी तें लांकडाला शिवत नाहीं.

नवी कडी ३१६ जातीच्या पोलादाची आणली. बाजारांत नेहमीं मिळणाऱ्या ३०४ जातींत नसलेलें मॉलिब्डेनम हिच्यांत शेंकडा दोन ते तीन भाग असतें, आणि खाऱ्या पाण्याला तेंच पुरतें. मागें पांच मिलिमीटर जाडीची, कोपरे गोल केलेली पट्टी. सिलिकोनचा अंश एकूण एक काढून टाकावा लागला, कारण तो राहिल्यास त्यावर दुसरें कांहींच धरत नाहीं. आमचें दहा मिनिटांचें काम निपटावयास अर्धा दिवस गेला. भोंकांचीं बाहेरचीं तोंडें जरा रुंदावून त्यांत पॉलियुरेथेनचा चीक भरला आणि चाक्या आवळल्या, पण पुऱ्या नव्हेत; चीक सगळाच पिळून बाहेर आला तर मग आंत राहणार काय? दुसऱ्या दिवशीं तो रबरासारखा झाल्यावर शेवटचा पाव फेरा दिला. आट्यांना आधीं वंगण लावलें होतें. नाहींतर या पोलादाची चाकी आट्यांत अशी जखडते कीं कापल्यावांचून निघत नाहीं. सहा इंची भोंकाला फिरकीचें झांकण बसविलें, म्हणजे आतां कोणालाहि आंत हात घालून चाकी चांचपतां येते.

तांडेलानें मजुरी घेतली नाहीं. जातांना एवढेंच म्हणाला, "कडी टिकेल गुरुजी. पोराला पोहायला शिकवा." आणि मग आमच्याकडे पाहून, "तुम्हांला येतं ना?"

आश्विनांत पावसाचें गढूळ पाणी निवळल्यावर गांवच्या तळ्यांत धडे सुरू झाले. पोरानें पहिल्या आठवड्यांतच पलीकडची पायरी गांठली. आम्ही अजून अलीकडच्या पायरीला धरून आहों.